तळ मोजायचा कुणी?

छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठानं हायड्रोग्राफीचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू करावा आणि त्याचं मोजणीचं केंद्र बीड जिल्ह्यात ठेवावं, असं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : बीडला समुद्र कुठाय? प्रश्न रास्त आहे. पाण्याखालची जमीन मोजण्याचं, तिची खोली, चढउतार, गाळ आणि वरचा प्रवाह टिपून नकाशा करण्याचं हे शास्त्र आपल्याकडे नौदलाच्या छायेत वाढलं. त्याचं मुख्यालय डेहराडूनला, शाळा गोव्यात. जहाजं खडकावर आपटू नयेत म्हणून त्याचा जन्म झाला. पण पाण्याखाली जमीन बीडमध्येही आहे. माजलगावात आहे, धनेगावच्या मांजरा धरणात आहे, गेवराईच्या उत्तरेनं वाहणाऱ्या गोदावरीत आहे. ती जमीन आपण नीट पाहिलेलीच नाही, असं मला गेली काही वर्षं सारखं वाटत आलं आहे.

पुढच्या संवादातली दोन माणसं मी उभी केली आहेत. मामा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले शाखा अभियंता, अंबाजोगाईत राहतात. भाची भूगोल शिकून मुंबईला गेली, तिथं बंदरांच्या खोलीची मोजणी करते. माणसं कल्पनेतली असली तरी धरणं, तारखा आणि आकडे खरे आहेत.

भाची : मामा, माजलगाव धरणात किती टक्के पाणी आहे, हे ठरवतात कसं?

मामा : मलाच विचारतेस होय? भिंतीपाशी गेज असतं. त्यावर पातळी वाचायची. मग क्षमतेच्या तक्त्यात त्या पातळीसमोर किती दलघमी, म्हणजे दशलक्ष घनमीटर, लिहिलंय ते बघायचं. मृतसाठा, म्हणजे तळाशी उरणारं, कालव्यात न जाणारं पाणी, वजा करायचा. माजलगावचा उपयुक्त साठा 312 दलघमी, त्यानं भागलं की टक्का आला. तीस वर्षं हेच केलंय.

भाची : म्हणजे माणूस वाचतो फक्त उंची. पाणी किती, ते तक्ता सांगतो.

मामा : बरोबर.

भाची : आणि तक्ता बनतो तळाच्या मोजणीवरून. माजलगाव धरण पूर्ण झालं 1987 च्या सुमारास. सिंदफणा नदीनं तेव्हापासून किती माती आणली?

मामा : फेरमोजणी होते. नाशिकची मेरी, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, 1959 पासून अशीच कामं करते. उपग्रहाच्या चित्रांवरून गाळाचा अभ्यास करतात. काहीच होत नाही असं समजू नकोस.

भाची : होतं, मान्य. पण उपग्रहाला दिसतं काय? धरण भरलेलं असताना पाण्याची कड कुठे होती आणि ओसरल्यावर कुठे आली, एवढंच. प्रत्येक पातळीला पाणी किती पसरलं होतं ते क्षेत्रफळ काढून त्यावरून दोन पातळ्यांमधलं घनफळ काढतात. पाणी ज्या पातळीच्या खाली गेलंच नाही, तिच्या खालचं उपग्रहाला काहीच दिसत नाही. मृतसाठा तर एरवी अंधारातच. तिथं होडी घालून ध्वनीनंच मोजावं लागतं.

मामा : मृतसाठ्यात गाळ साचायचाच. त्यासाठीच तर तो ठेवलेला असतो.

इथं मामांना मध्येच थांबवावंसं मला वाटतं, कारण हा समज फार जणांचा आहे. नदी धरणात शिरते तिथंच तिचा वेग मोडतो. जड रेती आणि भरड माती तोंडाशीच बसते आणि त्रिभुज प्रदेशासारखा ढीग पुढं पुढं सरकत येतो. भिंतीपाशी पोचतो तो मुख्यतः बारीक गाळ. म्हणजे पाण्याच्या ज्या भागावर शेतकऱ्याचा हक्क आहे तो उपयुक्त साठाही पहिल्या वर्षापासून कमी होत असतो. बालाघाटच्या उतारावरची काळी माती जूनमध्ये उघडी असते. सोयाबीन आणि कपाशी तेव्हा जेमतेम पेरलेली असते. पहिला जोराचा पाऊस ती माती घेऊनच खाली येतो.

भाची : आता जायकवाडी घ्या. उपयुक्त साठा 2171 दलघमी, मृतसाठा 738. पाणीवाटपावरच्या मेंढेगिरी समितीनं 2013 मध्ये अहवाल दिला, त्यावरून जलसंपत्ती नियमन प्राधिकरणानं 19 सप्टेंबर 2014 ला आदेश काढला. 15 ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा 65 टक्क्यांच्या खाली असला, तर नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सोडायचं. बरोबर?

मामा : बरोबर. त्यावरून दर दुष्काळात कोर्टकचेऱ्या, आंदोलनं. उजव्या कालव्याचं पाणी माजलगावपर्यंत येतं, म्हणून आपल्याला त्याचं महत्त्व.

भाची : तर समजा, फक्त समजा हं, तक्ता पाच टक्क्यांनी चुकला. 2171 चे पाच टक्के म्हणजे 108 दलघमी. माजलगावच्या उपयुक्त साठ्याचा तिसरा हिस्सा. नाशिकचा शेतकरी म्हणतो आमचं पाणी नेलं, बीडचा म्हणतो आमच्या हक्काचं दिलं नाही. दोघंही ज्या आकड्यावरून भांडतात, तो आकडा तळ मोजल्याशिवाय खरा ठरत नाही.

मामा : म्हणून विद्यापीठात पदवी काढायची? पोरी, हे एका सर्वेक्षण पथकाचं काम आहे. निविदा काढा, एजन्सी आणा, होडी फिरवा, अहवाल घ्या, संपलं. त्यासाठी एम. एस्सी. कशाला? आपल्या जिल्ह्यात पदव्युत्तर झालेल्या पोरांची कमी आहे का? स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिका भरून वाहतायत. त्यात आणखी एक शाखा वाढवायची, जिची जागा कुठल्याच जाहिरातीत नाही.

मामांचा हा मुद्दा हलका नाही. मराठवाड्यानं नव्या पदव्यांची नावं पुष्कळ पाहिलीत. विभाग उघडतो, तासिका तत्त्वावर दोन माणसं येतात, यंत्रं खोक्यातच राहतात आणि चार वर्षांनी प्रवेश आटतात. भाचीनं याचं उत्तर द्यायलाच हवं.

भाची : निविदेचंच बोलू. एजन्सीनं मोजून दिलं, ते खरं की खोटं हे तपासणार कोण? तुमच्या उपविभागात इको साउंडरची नोंद वाचू शकणारा माणूस होता?

मामा : नव्हता. लेव्हल मशीन, टोटल स्टेशन, एवढं यायचं.

भाची : मी सांगते काय होतं ते. होडीच्या कडेला ट्रान्सड्यूसर लावलेला असतो. तो पाण्यात आवाज सोडतो, तो तळाला लागून परत येतो. लागलेला वेळ गुणिले ध्वनीचा वेग, भागिले दोन, झाली खोली. सोपं वाटतं. पण पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण दीड किलोमीटर, आणि पाणी गार-गरम झालं की तो बदलतो. मे महिन्यात वरचं पाणी तापलेलं, खालचं थंड. म्हणून रोज सकाळी कामाआधी तपासणी करायची. लोखंडी पाटी साखळीला बांधून ट्रान्सड्यूसरखाली दोन मीटरवर सोडायची, यंत्र दोन दाखवतंय का बघायचं. मग चार, मग सहा. जुळेपर्यंत होडी हलवायची नाही. ही पाटी सोडायचा कंटाळा केला की सगळा नकाशा वाकडा. आणि अहवालात ते दिसत नाही. अहवाल रंगीत आणि गुळगुळीतच असतो.

मामा : हं. हे आमच्या लेव्हलच्या दोन-खुंटी तपासणीसारखंच झालं.

भाची : तसंच. आता गाळाचं बघा. दोनशे किलोहर्ट्झचा आवाज सोडला तर तो गाळाच्या वरच्या, अंबिलीसारख्या पातळ थरावरूनच परत फिरतो. तीसेक किलोहर्ट्झचा सोडला तर तो त्या थरातून आत शिरून घट्ट तळापर्यंत जातो. दोन्ही एकत्र सोडले की दोन रेषा मिळतात, आणि दोहोंमधली जाडी हा ताजा गाळ. एजन्सीनं कुठली वारंवारिता वापरली यावर धरणाची क्षमता बदलते! त्यात माजलगावच्या पाण्याखाली बुडालेल्या बाभळी, जुन्या घरांच्या भिंती, विहिरींचे कठडे. त्यांचेही प्रतिध्वनी येतात. तळ कुठला आणि बाभळीचा शेंडा कुठला, हे ठरवणारा माणूस पंधरा दिवसांच्या प्रशिक्षणात तयार होत नाही, मामा.

मामा : मग पदविका द्या. एक वर्षाची. तंत्रनिकेतनात.

भाची : पदविकेनं मोजणारा तयार होईल. मोजणी कशी करायची हे ठरवणारा आणि चूक किती असू शकते हे सही करून सांगणारा लागतो. आंतरराष्ट्रीय हायड्रोग्राफिक संघटनेनं म्हणूनच दोन पायऱ्या केल्यात, अ आणि ब वर्ग. अ वर्गाला किमान चार आठवड्यांचा मोठा क्षेत्र-प्रकल्प सक्तीचा. ही संघटना मोनॅकोत आहे, 1921 पासून. तिनं शास्त्राची व्याख्याच समुद्र, किनारा, सरोवरं आणि नद्या अशी सगळ्यांना धरून केलीय. आपणच ती समुद्रापुरती ठेवली.

मामा : पण गोव्यात आहे ना हे सगळं? नौदलाची संस्था आहे.

भाची : आहे, उत्तम आहे. राष्ट्रीय हायड्रोग्राफी संस्था, गोवा विद्यापीठाशी जोडलेली, बाहेरच्या देशांचे अधिकारीही तिथं शिकायला येतात. पण ती मुख्यतः नौदलाची गरज भागवते. तिथं भरती-ओहोटी शिकवतात, जहाजांचे मार्ग शिकवतात. मे महिन्यात पाण्याची कड दोन किलोमीटर मागं सरकलेलं धरण, त्याच्या काठाला चिखल, चिखलात रुतणारी होडी, हे गोव्यात कुठून शिकायला मिळणार?

हा मुद्दा मला सगळ्यात पटतो. महाराष्ट्रात पाण्याच्या संस्था नाहीत असं नाही. खडकवासल्याचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र 1916 पासून आहे. संभाजीनगरला 1980 मध्ये वाल्मी, म्हणजे जल व भूमी व्यवस्थापन संस्था, आली. स्टॉकहोम जल पुरस्काराचे मानकरी माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या सिंचन आयोगानं 1999 मध्ये राज्यातल्या खोऱ्यांचा सविस्तर अहवाल दिला. पण अभियंता शिकतो भिंत आणि कालवा, भूगर्भशास्त्रज्ञ शिकतो भूजल आणि खडक, भूगोलवाला शिकतो नकाशा. धरणाचा तळ तिघांच्या मधोमध पडतो आणि कुणाच्याच वाट्याला येत नाही.

मामा : बरं, तुझं सगळं मान्य. पण शिकवणार कोणाला? आपल्या महाविद्यालयांतून बीएस्सी होऊन येणाऱ्या निम्म्या पोरांनी गणिताला कधीच रामराम ठोकलेला असतो. तू म्हणतेस चूक किती ते सही करून सांगायचं. त्याला संख्याशास्त्र लागतं.

भाची : लागतं. लघुतम वर्गांची पद्धत, निर्देशांक प्रणाली, लहरींचं भौतिकशास्त्र, सगळं लागतं. पहिलं सत्र त्यालाच द्यायचं. घाई केली तर तुम्ही म्हणता तीच गत होईल. पण ऊसतोडीच्या फडावर सहा महिने काढून परीक्षा दिलेली पोरं आहेत ही. त्यांना अवघड नको, असं आपणच ठरवून टाकायचं?

मामा : तसं म्हणत नाही मी.

भाची : सत्तरच्या दशकात अंबाजोगाईत वैद्यकीय महाविद्यालय काढलं, तेव्हाही लोक म्हणाले असतील, खेड्यात डॉक्टर कसे घडतील? तुमचं ऑपरेशन कुठं झालं?

मामा : तिथंच. (हसतात.) पण तिथं रुग्ण दारात येतात. तुझ्या पोरांना काम कोण देणार?

भाची : काहींना समुद्र देईल. पालघरला वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट 2024 मध्ये झाली. समुद्रात भराव घालायचा, गाळ काढायचा, तर आधी मोजायचं, काम चालू असताना मोजायचं, झाल्यावर मोजायचं. जेएनपीए, मुंबई बंदर, खाड्या, सगळीकडे हे चालूच असतं. माझ्या होडीवर केरळचे, आंध्रचे लोक असतात, गोव्याचे असतात. मराठवाड्याची मी एकटी.

मामा : म्हणजे इथल्या पैशानं शिकवून पोरं मुंबईला पाठवायची. ऊसतोडीला जातात तशीच, फक्त टाय लावून. मग बीडच्या नावानं रडायचं कशाला?

भाची इथं काही वेळ गप्प राहिली असती, असं मला वाटतं. हा टोला बरोबर बसतो. स्थलांतर हा बीडचा जुना घाव आहे. ज्या अभ्यासक्रमाचं सगळं काम बाहेरगावी, तो इथं काढण्यात राम नाही.

भाची : मग इथलं काम मोजू. गेवराई, माजलगावची गोदावरीतली वाळू. 2020 च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर पात्राची मोजणी करायला सांगितलीय. नदीनं किती वाळू परत आणली ते बघायचं आणि मगच उपशाचा आकडा ठरवायचा. ती मोजणी प्रामाणिकपणे झाली, तर लिलावात किती ब्रास धरले आणि प्रत्यक्षात किती गेले, हे कागदावर येतं.

मामा : आणि तिथं विद्यार्थी पाठवणार तू? वाळूच्या पट्ट्यात? तहसीलदाराच्या गाडीवर टिप्पर घातल्याच्या बातम्या वाचत नाहीस?

भाची : वाचते. म्हणूनच विद्यार्थ्याला एकट्याला पाठवायचं नाही. प्रशासनासोबत, ड्रोन आणि होडी घेऊन, दिवसाढवळ्या. पण भीतीपोटी न मोजलेली नदी तुम्हाला चालेल?

मामांनी यावर उत्तर दिलं नसतं. माझ्याकडेही तयार उत्तर नाही. एवढंच म्हणतो की विद्यापीठाचा शिक्का असलेली, दरवर्षी त्याच जागी, त्याच रेषांवर झालेली मोजणी दडपायला अवघड जाते. एखाद्या तलाठ्याचा पंचनामा दडपणं सोपं असतं.

भाची : दुसरं, गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार. 2017 पासून योजना आहे. तलावातला गाळ काढून शेतात टाकायचा, चांगली गोष्ट. हिशोब कशावर? ट्रॅक्टर आणि टिप्परच्या खेपांवर. तलावाची क्षमता खरोखर किती वाढली, हे काढण्याआधी आणि काढल्यानंतर मोजलं तरच कळतं. आणि काढलेल्या जागी दोन पावसाळ्यांत किती परत भरलं, हे तर पुढच्या मोजणीशिवाय कळतच नाही.

मामा : हे मात्र बरोबर बोललीस. खेपांचे हिशोब मी पाहिलेत.

भाची : तिसरं, मांजरा. धनेगावचं धरण आपल्या केज तालुक्यात, पाणी पिणार लातूर. 2016 मध्ये धरण कोरडं पडलं आणि मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, एप्रिलमध्ये. आठवतंय?

मामा : न आठवायला काय झालं? तळाला भेगा पडल्या होत्या. माणसं बघायला जायची.

भाची : बघायला गेली. मोजायला किती गेली? उपयुक्त साठा 177 दलघमीच्या आसपास, मृतसाठा 47. जो तळ एरवी ध्वनीनं चाचपावा लागतो तो उघडा पडला होता. टोटल स्टेशन आणि ड्रोन घेऊन पन्नास विद्यार्थी महिनाभर उतरले असते, तर त्या धरणाचा मृतसाठ्यासकट अचूक नकाशा हाती आला असता. पुढच्या प्रत्येक दुष्काळात लातूरला किती दिवसांचं पाणी आहे, हे त्यावरून सांगता आलं असतं. आणि पुराचंही तेच. 2025 च्या सप्टेंबरात सिंदफणा आणि गोदावरी फुगल्या, गावंच्या गावं पाण्यात गेली. सांडव्यातून इतके क्युसेक सोडले तर खालच्या कुठल्या गावात किती फूट पाणी चढेल, हे सांगायला नदीपात्राचे छेद लागतात. ते छेद दर पुरानंतर बदलतात.

मामा : 1989 ला बिंदुसरेचा पूर बीड शहरात शिरला होता, जुलैमध्ये. तेव्हाही कुणाला कळलं नव्हतं पाणी कुठवर येईल ते.

मामा इथं थोडे सैल झाले आहेत, हे वाचणाऱ्याच्या लक्षात आलं असेल. बीडला मोजणीची परंपरा नाही असंही नाही. शहराजवळची खजाना विहीर सोळाव्या शतकातली, सलाबतखानाच्या काळात राजा भास्करनं बांधलेली. तिचं पाणी जमिनीखालच्या पाटानं शेतापर्यंत जातं. उतार काटेकोर मोजल्याशिवाय असं पाणी चालत नाही.

मामा : शिक्षक कुठून आणणार? खरे शिक्षक.

भाची : नौदलातून निवृत्त झालेले हायड्रोग्राफर आहेत. मेरीची माणसं आहेत. आणि भोई आहेत.

मामा : भोई?

भाची : माजलगावच्या जलाशयात जे मासे धरतात ते. थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळं टाकतात. तळाला खड्डा कुठाय, जुनी विहीर कुठाय, गाळ कुठे इतका साचलाय की जाळं रुततं, हे त्यांना पाठ आहे. त्यांना मानधन देऊन शिकवायला बसवायचं. आमच्या यंत्राची रेषा आणि त्यांचं सांगणं जुळलं नाही, तर पुन्हा मोजायचं. मुंबईत मी हे कोळ्यांकडूनच शिकले.

मामा : विद्यापीठ मानेल?

भाची : मानायला लावायचं.

मामा : मग माझं ऐक. मी तुझ्या बाजूचा झालोय असं समजू नकोस. मोजणी कितीही चांगली केलीस, तरी खात्यानं ती तक्त्यात घेतली नाही तर तुझे प्रबंध ग्रंथालयात कुजतील. माझा अनुभव सांगतो : कार्यालयाबाहेरचा आकडा कुणी उचलत नाही. म्हणून आधी करार. विद्यापीठ आणि जलसंपदा विभाग. पहिल्या तुकडीनं मोजलेलं धरण खातं तपासून घेईल आणि निकषात बसलं तर अधिकृत तक्ता सुधारेल, असं लेखी. त्याशिवाय एकाही पोराचा प्रवेश घ्यायचा नाही.

भाची : करार होईपर्यंत दहा वर्षं जातील, मामा. खातं म्हणतं माणसं नाहीत, विद्यापीठ म्हणतं जागा नाहीत. कुणीतरी आधी सुरुवात केली पाहिजे. एका लहान तलावापासून करू. पाली, बिंदुसरेचा. 1956 चा आहे, आटोपशीर आहे. ऑक्टोबरात भरलेला असताना होडीनं, मेमध्ये उघड्या काठावर ड्रोननं. वर्षभरात नकाशा.

मामा : आणि पदवीचं काय?

भाची : पदव्युत्तर पदविकेच्या नावानं पहिलं वर्ष, बारा विद्यार्थी. एम. एस्सी. दुसऱ्या वर्षी, तुमचा करार झाला तर.

मामा : बारा चालतील. पण नकाशा बीडच्या पाणीपुरवठ्याला दे, ग्रामपंचायतीला दे, मराठीत दे. इंग्रजी अहवाल एकदा आला की तो साहेबाच्या कपाटात जातो. आणि पाटी सोडायचं ते काय म्हणालीस, दोन मीटर, चार मीटर, ते सकाळचं मी स्वतः बघणार. तेवढं माझ्याकडे ठेव.

भाची : ठेवलं. करारासाठी अर्ज कुणाच्या नावानं लिहायचा?

मामा : कार्यकारी संचालक, गोदावरी महामंडळ. मसुदा मी लिहून देतो. तू आकडे भर.